आरसा उत्तम, माहितीपत्रक अपुरे

हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला, जो अवयव आता नाहीच त्याच अवयवात वेदना होतात. त्यावर उपाय म्हणून घडीचा आरसा विकत मिळतो. असा एक आरसा मी गेले अकरा महिने वापरत आहे आणि त्याचे परीक्षण लिहावे असे बरेच दिवस मनात होते. लिहायला उशीर झाला, कारण वस्तू म्हणून या आरशात खोट काढण्यासारखे फारसे काही नाही. तरीही पहिल्या आठवड्यात त्याने मला दिलेला त्रास पाय गेल्यानंतरच्या कोणत्याही शारीरिक दुखण्याहून मोठा होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच परीक्षणात कशा मांडाव्यात हे मला समजत नव्हते. मी सैनिक होतो. गस्तीवर असताना भूसुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. ज्यांचा पाय रस्त्यावरच्या अपघातात किंवा मधुमेहामुळे गेला आहे त्यांनाही पुढच्या मजकुरातील बरेचसे उपयोगी पडेल, पण मी लिहितो आहे ते मुख्यतः युद्धात अवयव गमावलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी.

निर्वाळा आधीच देऊन टाकतो: आरसा जरूर घ्यावा, मात्र पहिल्या दिवशी तो एकट्याने उघडू नये. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी मुख्य तक्रार आरशासोबत आलेल्या माहितीपत्रकाविषयी आहे, आणि याच जातीच्या आणखी दोन आरशांची पत्रके मी चाळली तेव्हा त्यांतही तीच उणीव दिसली.

आधी वस्तूविषयी. पायासाठी लागणारा आरसा हातासाठीच्या आरशाच्या पेटीपेक्षा बराच मोठा असावा लागतो, कारण मांडीपासून बोटांपर्यंतचा सगळा पाय त्यात दिसला पाहिजे. घोटा कडेला कापला गेला, तर मेंदूला चकवण्याचा सगळा बेतच फसतो. माझा आरसा दोन पानांचा आहे. मधल्या बिजागरीवर तो पुस्तकासारखा मिटतो आणि उघडल्यावर पलंगावर दोन पायांच्या मधोमध उभा राहतो. त्यात काच नसून ॲक्रिलिकचा पत्रा आहे, आणि ही निवड मला योग्य वाटते. काचेतील प्रतिबिंब अधिक स्वच्छ असते हे खरे. पण काच जड असते, ती फुटू शकते, आणि काच फुटल्याच्या आवाजाने ज्याच्या सर्वांगाला दरदरून घाम सुटतो अशा माणसाच्या पलंगावर ती ठेवू नये. पातळ ॲक्रिलिक किंचित वाकते आणि मग प्रतिबिंबातली पोटरी फुगलेली दिसते. इथे पाठीमागे जाड फळी असल्यामुळे तो दोष जवळजवळ नाही. बिजागरीची उभी रेघ तेवढी नडगीच्या मधोमध येते. पंधरा दिवसांत डोळे तिला सरावतात. कडांना रबराची पट्टी आहे, आणि स्टंपवरची, म्हणजे कापल्यानंतर उरलेल्या पायाच्या टोकावरची, कातडी किती नाजूक असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पट्टीचे मोल वेगळे सांगायला नको. उचलून नेण्यासाठी दिलेली मूठ मात्र निरुपयोगी आहे: कुबडी वापरणाऱ्या माणसाचा एक हात आधीच अडकलेला असतो, त्याला खांद्यावर अडकवता येईल असा पट्टा हवा होता.

वापरण्याची रीत सोपी आहे. धडधाकट पाय आरशाच्या चकचकीत बाजूला ठेवायचा, स्टंप आरशामागे झाकायचा आणि मान थोडी कलती करून आरशात पाहायचे. तिथे दुसरा पाय दिसतो. मग घोटा सावकाश वर-खाली करायचा, गोल फिरवायचा, बोटे पसरायची आणि मिटायची, आणि ही प्रत्येक हालचाल दोन्ही पायांनी करत आहोत असा प्रयत्न मनाने करायचा. दिवसातून एकदा, पंधरा मिनिटे. मोजा घालू नये, आणि पायावर ठळक जखमेची खूण असेल तर ती झाकावी, कारण प्रतिबिंबातला पाय आपला वाटला पाहिजे. इथपर्यंत माहितीपत्रक नेमके आहे आणि त्यातली चित्रेही चांगली आहेत.

ही वेदना कशी असते हे ज्यांनी अनुभवलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. अवयव गेल्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी जाणवतात आणि डॉक्टरांशी बोलताना त्यांची गल्लत झाली तर उपचारही चुकतात. एक, स्टंप दुखणे, म्हणजे उरलेल्या भागातली खरीखुरी दुखापत. दुसरी, गेलेला पाय अजून आहे अशी नुसती जाणीव. ती बहुतेकांना होते आणि तिचा त्रास होतोच असे नाही. तिसरी, त्या नसलेल्या पायात होणारी वेदना, जिला फँटम वेदना म्हणतात. ती जळजळ, मुरड, विजेचा झटका किंवा पेटका अशा रूपांत येते. सोळाव्या शतकात फ्रेंच सैन्यातील शल्यचिकित्सक आम्ब्रोआज पारे यांनी तिचे वर्णन करून ठेवले आहे. १७९७ मध्ये तेनेरीफच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या ब्रिटिश आरमारातील नेल्सन यांना नसलेल्या हाताची बोटे जाणवत असत. ‘फँटम लिंब’ हे नाव १८७१ मध्ये सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केले, आणि त्यांनी पाहिलेले रुग्ण प्रामुख्याने अमेरिकन यादवी युद्धातले सैनिक होते. या दुखण्याचा इतिहास पुष्कळसा रणांगणावरच लिहिला गेला आहे. आजच्या उत्पादकांनी मात्र सैनिक हा आपला ग्राहक असू शकतो हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

आरशाची कल्पना १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी मांडली. नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळलेली आहे आणि ती उघडतच नाही, नखे तळव्यात रुतत आहेत, अशी तक्रार काही रुग्ण करत. मेंदू आज्ञा देतो, पण आज्ञा पाळली गेल्याची खबर ना डोळ्यांकडून येते ना स्नायूंकडून. आरशात मूठ उघडताना दिसली की निदान डोळ्यांकडून तरी ती खबर मिळते, असा त्यामागचा विचार होता. मेंदूतील बदलांचा खुलासा पुढे अनेकांनी अनेक प्रकारे केला आहे, आणि त्यातले मतभेद अजून मिटलेले नाहीत. माझ्यापुरते सांगायचे तर माझी बोटे बुटाच्या आत वळून बसलेली होती. सुरुंगावर पाऊल पडण्याआधीच्या क्षणी, उतारावर पाय घट्ट रोवताना बोटे आत वळतात, तशी. पाय नाहीसा झाला, बूटही नाहीसा झाला, पण त्या क्षणाची पकड दीड वर्ष सुटली नव्हती. अवयव ज्या स्थितीत गेला त्याच स्थितीत तो पुढेही जाणवत राहतो, असे अनेक सैनिकांच्या बाबतीत नोंदले गेलेले आहे, हे मला नंतर समजले.

आरसा घरी आला त्याच रात्री, सगळे झोपल्यावर, मी तो उघडला. अशा गोष्टी कुणाच्या देखत करायला संकोच वाटतो. पत्रकात सांगितल्याप्रमाणे बसलो, कलती मान करून पाहिले आणि समोर दोन पाय दिसले. घोटा दोनदा फिरवला, बोटे पसरली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा डाव्या पायाची बोटे उघडली. दुखणे त्या क्षणी निवळले. घट्ट बांधलेली दोरी कुणीतरी सोडावी तसे ते निवळले. उपकरण म्हणून आरशाने आपले काम पहिल्या पाच मिनिटांत चोख केले, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यानंतर मी सहज हात पुढे केला, डाव्या घोट्याला स्पर्श करावा म्हणून, आणि हाताला पलंगाची चादर लागली.

पुढचा अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही. रडू आले, ते मी समजू शकलो असतो. पण रडण्यापाठोपाठ जळलेल्या मातीचा वास आला, कान वाजू लागले, आणि मी पलंगावर बसलेलो आहे हे भान गेले. ही आठवण नव्हती. आठवण येते तेव्हा ती जुनी असल्याचे आपल्याला माहीत असते. इथे सगळे त्याच क्षणी घडत होते. माझी पत्नी उठून आली तेव्हा मी मोठ्याने बोलत होतो म्हणे. “अहो, कुणाशी बोलताय?” असे तिने विचारले, आणि मी जे नाव घेत होतो ते ऐकून ती गप्प झाली. माझ्यापुढे चार पावलांवर चालणारा माझा सहकारी त्या दिवशी वाचला नव्हता.

त्या रात्रीचा अर्थ समजायला मला पुढे तीन महिने लागले. सुरुंगानंतर मनाने आपल्यापुरता एक हिशेब मांडला होता: तो गेला, आणि मी वाचलो खरा, पण माझा पाय गेला. हा हिशेब बरोबर आहे असे कुणीच म्हणणार नाही, मीही म्हणत नाही; पण त्याच्या आधारावर मी झोपत होतो, जेवत होतो, लोकांशी बोलत होतो. आरशात पाय सगळाच्या सगळा परत आला आणि माझी बाजू रिकामी झाली. दोन पाय असलेला, धडधाकट, जिवंत माणूस समोर बसला होता आणि त्याने काहीच दिलेले नव्हते. वेदनेवरच्या उपायाने अपराधीपणा उघडा करावा हे ऐकायला विचित्र वाटते, तरी ज्यांनी अवयवाबरोबर माणसेही गमावली आहेत त्यांना यातले काही परके वाटू नये.

हे माझ्या एकट्याच्या मनाचे खेळ नव्हेत. आरसा-उपचाराची जी चाचणी सर्वांत जास्त सांगितली जाते ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयात पाय गमावलेल्या रुग्णांवर झाली होती. एकूण १८ जणांनी ती पूर्ण केली. आरसा वापरणाऱ्या सहाही जणांच्या वेदना चार आठवड्यांत कमी झाल्या. झाकलेल्या आरशापुढे हालचाली करणाऱ्या सहांपैकी एकाच्याच कमी झाल्या आणि तिघांच्या वाढल्या. डोळे मिटून नुसत्या हालचालींची कल्पना करणाऱ्या सहांपैकी चौघांच्या वाढल्या. गट लहान होते, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत. आरशाने सहाही जणांच्या वेदना कमी झाल्या याची जाहिरात पुष्कळ होते. त्याच अहवालात, आरशात सबंध पाय दिसताच दोघांना थोडा वेळ शोक अनावर झाल्याचीही नोंद आहे, आणि ती नोंद जाहिरातीत कुठेच येत नाही. सहांपैकी दोन म्हणजे तिसरा हिस्सा. त्या दोघांजवळ त्या वेळी उपचार करणारी माणसे होती. माझ्याजवळ माहितीपत्रक होते.

त्या पत्रकात सूचना नाहीत असे नाही. चक्कर आली तर थांबावे, मळमळ झाली तर थांबावे, आरसा उन्हात ठेवू नये, साबणाच्या पाण्याने पुसावा, बिजागरीत बोट अडकणार नाही याची काळजी घ्यावी, असे सगळे त्यात आहे. रडू येईल, धसका बसेल, जुना प्रसंग पुन्हा अंगावर येईल, अशा वेळी काय करावे आणि कुणाला बोलवावे, याविषयी एक ओळही नाही. उलट एका ठिकाणी असा सल्ला आहे की प्रवासात आरसा जवळ नसेल तर डोळे मिटून त्याच हालचालींची कल्पना करावी. वर दिलेले आकडे पाहता हा सल्ला निदान सरसकट तरी देऊ नये. कल्पनेतल्या हालचालींना उपचारात जागा आहे, पण ती पायरीपायरीने आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. दुसऱ्या दिवशी मी मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय सौजन्याने बोलला, माझे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले की आरसा हलतो का, हलत असल्यास खालचे दोन स्क्रू आवळावेत. त्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढच्या कागदावर तेवढेच लिहिलेले असणार.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, की मानसिक आघाताची तपासणी रुग्णालयात झालेलीच असते, मग तो भार आरसा विकणाऱ्यांवर कशाला? माझी तपासणी झाली होती. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात एक छापील प्रश्नावली मिळाली आणि तिची मी खरी उत्तरे दिली: स्वप्ने पडत नाहीत, दचकत नाही, भूक लागते. तेव्हा ते खरेच होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६१३ जखमी अमेरिकी सैनिकांना वेळोवेळी तपासले होते. त्यांतल्या सर्वांनी अवयव गमावलेले नव्हते, पण सगळे युद्धात जबर जखमी झालेले होते. पहिल्या महिन्यात पीटीएसडीची, म्हणजे भीषण प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराची, लक्षणे सुमारे ४ टक्क्यांमध्ये होती, सातव्या महिन्यात १२ टक्क्यांमध्ये. सातव्या महिन्यात ज्यांना पीटीएसडी किंवा नैराश्य असल्याचे आढळले त्यांच्यापैकी ७८.८ टक्के लोकांत पहिल्या महिन्यात यांतले काहीच आढळले नव्हते. रुग्णालयात माणूस जखमा भरणे, टाके, चालायला शिकणे यांत गुंतलेला असतो, भोवती त्याच्यासारखेच इतर असतात, रोज एखादे छोटे ध्येय गाठले जाते. घरी आल्यावर दिवस मोकळे होतात आणि मग मन आपले काम सुरू करते. आरसाही नेमका तेव्हाच घरी येतो. म्हणून तपासणी झालेली आहे या भरवशावर कुणीही राहू नये.

आणखी एक गोष्ट या आक्षेपात दडलेली असते. तुटलेला पाय दिसतो, त्यामुळे सगळी सहानुभूती, सगळी चौकशी आणि सगळा मान त्या पायाकडे जातो. “आता चालायला लागलास, झालं की!” असे थोरले भाऊ मला प्रेमाने म्हणत. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी युद्धात सैनिकांच्या मनावर होणाऱ्या आघातासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला त्या काळापासून, मनाची जखम म्हणजे मनाचा कच्चेपणा, हा समज सैनिकांच्या मानगुटीवर बसलेला आहे. पीटीएसडी हे निदान म्हणून मान्य व्हायला १९८० साल उजाडावे लागले. अवयव गमावलेल्या सैनिकाची पंचाईत अशी, की त्याला शूर म्हणण्यासाठी लोकांकडे पुरावा असतो, आणि त्या पुराव्याखाली बाकीचे सगळे झाकले जाते.

आरसा मी दोन महिने पलंगाखाली ठेवून दिला. मग एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊ लागलो आणि तिसऱ्या भेटीत त्यांनी आरसा घेऊन यायला सांगितला. त्यांनी केलेले सगळे सांगत नाही; जे वाचकाला आपल्या उपचार करणाऱ्यांपुढे मांडता येईल तेवढेच सांगतो. त्यानंतरच्या पहिल्या दोन बैठकांत आरसा खोलीच्या कोपऱ्यात मिटलेला उभा होता आणि आम्ही इतर गोष्टी बोलत होतो. नंतर तो उघडला, पण पाहायचे फक्त उजव्या पायाकडे. मग प्रतिबिंबाकडे, एक मिनिट, आणि त्या वेळी मनात येईल ते मोठ्याने बोलायचे. आणि प्रत्येक वेळी शेवट ठरलेला: आरसा मिटायचा, स्टंपकडे पाहायचे, त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मलम चोळायचे, म्हणजे डोळे आणि हात दोघेही आज जे शरीर आहे त्याच्याकडे परत येतात. हा शेवट माझ्या मते संपूर्ण उपचारातला सर्वांत मोलाचा भाग आहे. पत्रकात शेवट कसा करावा हे सांगितलेलेच नाही. तिथे पंधरा मिनिटे संपली की आरसा पुसून ठेवायचा असतो.

याच्या बरोबरीने प्रसंगाला सामोरे जाण्याचा उपचारही चालू होता, ज्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी बसवली आणि ज्यात साधारणपणे ८ ते १५ बैठका होतात. प्रसंग वर्तमानकाळात, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा सांगायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा आणि घरी ऐकायचा. वेदना आणि आघात एकमेकांना कसे पोसतात हे मला तेव्हा उमगले: दुखू लागले की तो प्रसंग जागा होतो, प्रसंग जागा झाला की शरीर धोक्याच्या तयारीत आवळले जाते, आणि आवळलेल्या शरीरात दुखणे वाढते. नुसता आरसा या साखळीची एक कडी सैल करतो. दुसरी कडी तशीच राहिली, तर पहिली पुन्हा आवळली जाते.

संचासोबत पायांच्या छायाचित्रांचे ४८ पत्ते येतात. पत्ता उलटायचा आणि पाय डावा की उजवा हे झटकन ओळखायचे. आरशाआधी मेंदूला सराव व्हावा म्हणून हा खेळ असतो आणि तो उपयोगी आहे. त्यांतल्या चार पत्त्यांवर बूट घातलेले पाय आहेत, आणि त्या चारांपैकी एकावर चिखलात रुतलेला बूट. ते चार पत्ते मी काढून ठेवले आहेत.

आता वेदनांचा हिशेब. मी वहीत नोंदी ठेवतो. आरशाआधी आठवड्यातल्या पाच-सहा रात्री पेटके येत आणि दहापैकी सात-आठ इतके दुखे. देखरेखीखाली नियमित वापर सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यापासून आठवड्याला एक-दोन रात्री, आणि तीव्रता तीन-चार. बोटे आता बहुतेक वेळा मोकळी असतात. तापामुळे पंधरा दिवस खंड पडला तेव्हा बोटे पुन्हा वळू लागली होती, त्यामुळे हा उपाय एकदाचा करून संपणारा नाही असे माझे मत झाले आहे.

जे आरशाकडून होणार नाही त्याचीही नोंद हवी. स्टंपमध्ये कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ झाली असेल, कृत्रिम पायाचे सॉकेट (स्टंप ज्यात बसतो ती खोबण) टोचत असेल, किंवा स्फोटात गेलेल्या अवयवांच्या बाबतीत वारंवार आढळते त्याप्रमाणे मऊ भागात नको तिथे हाड वाढले असेल, तर आरशापुढे महिनोन्‌महिने बसूनही काही मिळणार नाही. त्यासाठी शल्यचिकित्सकच गाठावा लागतो. दोन्ही पाय गेलेल्यांना आरशात दाखवायला धड पायच उरत नाही, आणि सुरुंगात किंवा स्फोटात दोन्ही पाय जाणे दुर्मीळ नाही. त्यांच्यासाठी समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या पायांच्या हालचाली पाहण्याचा उपाय तपासला गेला आहे आणि त्यानेही वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. पत्रकात एवढे एक वाक्य असते, तर अशा एखाद्या माणसाने निराशेने संच परत पाठवला नसता.

घरच्यांविषयी थोडेसे. पत्नीला सुरुवातीला आरशाचा राग होता आणि तो रास्त होता. आता पहिली पाच मिनिटे ती खोलीत बसते, काही बोलत नाही, हातात काहीतरी काम असते. तिचे म्हणणे असे, की आरशातले दोन पाय पाहून मला काय वाटेल याची तिला भीती होतीच, पण ते पाय पाहून तिला स्वतःला काय वाटेल याची भीती त्याहून मोठी होती. हे तिने मला सात महिन्यांनी सांगितले. घरच्या माणसांसाठी पत्रकात एक वेगळे पान हवे असे मला वाटते ते यासाठी.

टिकाऊपणाबद्दल: नवव्या महिन्यात एका पानाचा पत्रा कोपऱ्यात उचकटला. तक्रार नोंदवल्यावर आठ दिवसांत नवे पान आले, बसवायलाही सोपे होते, त्या सेवेला पूर्ण गुण. खोक्यात माहितीपत्रकाची नवी प्रतही होती. मी ती उत्सुकतेने शेवटपर्यंत वाचली; मजकूर जुनाच होता. माझ्या ओळखीचा एक तरुण, ज्याचा पाय गेल्याला आता पाच महिने होत आहेत, पुढच्या आठवड्यात माझा आरसा वापरून पाहायला येणार आहे. ती प्रत त्याला देण्यासाठी बाजूला ठेवली आहे. पहिल्या पानावर, बिजागरीच्या सूचनेच्या वर, मी पेनाने माझा फोन क्रमांक लिहिला आहे आणि त्यापुढे, पहिल्या दिवशी मी शेजारी बसेन, असे.